फुकटचा खेळ आणि मोकळा खेळ

मराठी भाषेवर माझे प्रेम असण्याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक अगदी बाजारी आहे. फुकट आणि मोकळे या दोन गोष्टींसाठी तिच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. भाजीवाली जाता जाता कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकते, त्या फुकट. सकाळी अंगणात शिरणारा खाडीवरचा वारा मोकळा. या दोहोंत आपला कधी घोटाळा होत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींना मिळून एकच शब्द आहे. त्यामुळे त्या भाषेतल्या भल्या भल्या माणसांना आयुष्यभर समजावीत बसावे लागते की, बाबांनो, आम्ही स्वातंत्र्याबद्दल बोलतो आहोत, किमतीबद्दल नव्हे.

हे सगळे सुचायला कारण आमची सौ. निवृत्त झाल्यापासून मी ज्यात डोके घालून बसतो, त्याला ती ‘फुकटचे उद्योग’ म्हणते. मी तिला नम्रपणे सुचवून पाहिले की, ‘मोकळे उद्योग’ म्हण. त्यावर ती म्हणाली, “मोकळा तुम्ही आहात, म्हणून उद्योग फुकटचे आहेत.” मराठीतला भेद तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो, हे मी तेव्हाच ओळखले.

माझा उद्योग म्हणजे मुलांसाठी खेळ तयार करणे. लाकडाचे किंवा लाखेचे नव्हेत, ब्राउझरमध्ये चालणारे. फोर्टमधल्या एका कचेरीत तीस वर्षे मी संगणकासाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिले. नावे आणि जमा यांपलीकडे त्या प्रोग्रॅमांना काही ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर वडिलांच्या डहाणूच्या घरी येऊन राहिलो. मागे चिकूची आठ झाडे, पुढे पडवी. आमचे शेजारी चिकूच्या मोठ्या वाडीचे मालक. त्यांनी एकदा माझ्या खेळांची चौकशी केली. “यातून सुटते काय?” मी म्हटले, “काही नाही.” “मग तोटा किती?” “वर्षाला दोन पेट्या चिकूंच्या भावाइतका.” एवढ्यावर त्यांचे समाधान झाले. तोटा आटोक्यात असला की वेडाला छंद म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोनवर किंवा संगणकावर आपण वर्तमानपत्र ज्या खिडकीतून वाचतो, तो ब्राउझर. त्या खिडकीत नुसता मजकूर येतो असे नाही. मजकुराबरोबर एक छोटा प्रोग्रॅमही येऊ शकतो आणि तो आपल्याच यंत्रावर चालू लागतो. तो ज्या भाषेत लिहितात तिचे नाव जावास्क्रिप्ट. ती १९९५ मध्ये जन्मली. असा प्रोग्रॅम खेळ असेल तर तो ‘उतरवून घ्यावा’ लागत नाही. पत्ता उघडला की खेळ समोर. जुना फोन असो, शाळेतला धूळ खाणारा संगणक असो, सगळ्यांवर तो चालतो. डहाणू-तलासरीकडे ही सोय फार मोठी आहे. कारण पाड्यावरच्या घरात फोन एक, तोही बापाचा, काच तडकलेला, आणि त्यात नवे काही साठवायला तिळाएवढीही जागा उरलेली नसते.

पण सोयीच्या पोटात एक खोच आहे. जो प्रोग्रॅम न विचारता येतो, तो काय करतो हेही न सांगता करू शकतो. अमेरिकेतले रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. त्यांनीच २००९ मध्ये एका लेखात या सापळ्याकडे बोट दाखवले. आपण नुसते पान उघडले असे समजतो, आणि दुसऱ्याचा प्रोग्रॅम आपल्या घरात येऊन कामाला लागलेला असतो. स्टॉलमन यांची मागणी चार कलमांची आहे. प्रोग्रॅम हवा तेव्हा, हव्या त्या कारणासाठी चालवता यावा. तो कसा चालतो ते उघडून पाहता यावे. त्यात बदल करता यावा. आणि मूळचा किंवा बदललेला, तो दुसऱ्याला देता यावा.

ही चार कलमे मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटले, हे तर विटीदांडूचे नियम आहेत! विटीदांडू खेळायला आम्ही कुणाची परवानगी काढली? विटी कशी तासायची ते थोरल्या मुलांकडे बघून शिकलो. नियम तर दर आळीला वेगळे. आमच्या आळीत विटी विहिरीत पडली की डाव गेला, पलीकडच्या आळीत टाकणाऱ्याने नवी विटी आणायची. आणि मामाच्या गावी गेलो की तिथल्या पोरांना आमचे नियम शिकवून यायचे. लगोरी, सागरगोटे, आट्यापाट्या, सगळ्यांची हीच तऱ्हा. चारही स्वातंत्र्ये आम्ही चड्डीच्या खिशात घालून हिंडत होतो, फक्त त्यांना कलमे म्हणतात हे ठाऊक नव्हते.

अशा खेळाला मालक मिळाला की काय होते, याचेही उदाहरण घरचेच आहे. पचिशी हा आपल्याकडचा शेकडो वर्षांचा खेळ. त्याचीच सोपी आवृत्ती ‘लुडो’ या नावाने इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये पेटंट झाली. पुढे तीच पेटीत बसून आपल्या घरी परत आली आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरच्या फोनवर जाऊन बसली. सोंगट्या त्याच, घरे तीच. फरक एवढाच की पटावर चौघे खेळत होते, ते आता पाच झाले. पाचवा दिसत नाही. तो फासे टाकीत नाही. कोण किती वेळ खेळला, कुठून खेळला, हे टिपून घेतो.

आता या खेळांच्या गोष्टीत मी डहाणूचे नाव पुन्हा पुन्हा का घेतो, ते सांगतो. या तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ते १९५७ मध्ये या टेकडीवर आले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या आणि त्यांच्या पश्चात त्यांनीच ते काम वाढवले. मॉण्टेसरी पद्धतीची साधने महाग. वारली पाड्यावरच्या मुलाला ती कुठून मिळणार? तेव्हा या बायकांनी खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर सरकारी पाट्यांवर दिसतो. त्यामागची कल्पना इथे रुजली.

मला या हकिकतीतले एक मर्म फार मोलाचे वाटते. खडे आणि बिया हे साधन फुकट होते एवढेच त्याचे महत्त्व नाही. ते मुलाच्या मालकीचे होते. बाई घरी गेल्या तरी ते अंगणातच राहत होते. त्यातला एक खडा हरवला तर मूल दुसरा उचलून आणू शकत होते आणि वाटले तर त्याच खड्यांचा बाईंना न सुचलेला खेळ करू शकत होते. फोनवरचा खेळ त्या बियांसारखा करता येईल काय, हा माझ्या सगळ्या उद्योगातला प्रश्न आहे.

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथले गुरुजी माझ्या परिचयाचे. त्यांच्या मुलांसाठी मी ‘आठवडे बाजार’ नावाचा खेळ केला. पडद्यावर भाजीची पथारी मांडलेली असते. गिऱ्हाईक येते, वांगी घेते, पन्नासाची नोट देते आणि सुटे परत मागते. तीस सेकंदांत बरोबर पैसे परत केले की गिऱ्हाईक खूष. चुकले की डाव संपला. सगळा खेळ मिळून फोनवर काढलेल्या एका फोटोहूनही लहान भरतो. एकदा उघडला की तो फोनमध्ये राहतो आणि मग इंटरनेट नसले तरी चालतो. अक्षरे मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी घडवलेल्या ‘मुक्त’ टाइपातली. तो टाइपही कुणालाही वापरायला, बदलायला मोकळा आहे.

अशा प्रोग्रॅमचा मजकूर पाठवताना धंदेवाईक लोक तो आवळून पाठवतात. मोकळ्या जागा काढतात, नावांची एकेक अक्षरे करतात. त्यामुळे तो हलका होतो. आणि वाचायला अशक्यही होतो. मी तो मुद्दाम सुटा ठेवतो. इतकेच नव्हे, आतली नावे मराठीत लिहितो. जावास्क्रिप्टला देवनागरी नावे चालतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. माझ्या खेळाच्या पोटात ‘वेळ’, ‘दिलेले’, ‘परत’ अशी नावे दिसतील. हे कुणी वाचील अशी माझी फारशी अपेक्षा नव्हती. मला आपले स्वच्छ कपड्यांच्या आत फाटका बनियन घालू नये असे वाटते, तेवढेच.

आणि एक दिवस ते कुणीतरी वाचले. सहावीतली एक मुलगी. शाळेतल्या एकुलत्या एका संगणकावर मी गुरुजींना पानाचा मूळ मजकूर कसा पाहायचा ते दाखवीत होतो. ती मागे उभी होती. आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा तिने मला विचारले, “काका, ‘वेळ’च्या पुढे तीस लिहिलंय, ते तीनशे केलं तर चालंल?” मी म्हटले, “करून बघ.” तिने केले. खेळ चालला. तिचा चेहरा मी सांगू शकणार नाही. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याही प्रोग्रॅमकडे कुणी तसे पाहिले नव्हते.

वेळ कशाला वाढवायचा होता? तिचा धाकटा भाऊ पहिलीत. तीस सेकंदांत त्याचे बोटांवर मोजूनच होत नसे. तो हरायचा आणि रडायचा. पण वेळ वाढवूनही त्याचे चुकत होतेच. तेव्हा तिने मला दुसरा प्रश्न केला. “त्याला कच्चं लिंबू करता येईल का?” वाचकहो, खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही, जो बाद होऊनही बाद होत नाही, त्या लहानग्या भिडूला आपण कच्चे लिंबू म्हणतो. जगातल्या कोणत्या खेळ करणाऱ्या कंपनीच्या यादीत हा शब्द असेल? मी तिला एक अट कशी लिहायची ते दाखवले. खेळणारा कच्चे लिंबू असेल तर चुकले तरी डाव चालू ठेव. पुढचे तिने केले. आज त्या भागात माझा खेळ कमी आणि तिचा जास्त चालतो. डहाणूकडच्या दुसऱ्या एका शाळेनेही नेला तो तिचाच. माझ्यावर मात झाली आणि ती मला पेढ्यासारखी गोड लागली.

हा प्रकार आपल्याकडे अगदीच नवा आहे असे नव्हे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावर २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेची भारतातली पहिली शाळा सुरू झाली. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राच्या पाटीवर एक खास कळ होती. ती दाबली की चालू असलेल्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मुलापुढे यावा अशी कल्पना. ती योजना जगभर जशी गाजली तशी टिकली नाही. पण त्या एका कळीत मला सगळे शिक्षणशास्त्र दिसते. ‘हे असे का?’ असे मुलाने विचारले की ‘गप्प बस’ म्हणणारी यंत्रे आपण घरोघर आणून ठेवली आहेत. उत्तर देणारी कळ मात्र कुठे दिसत नाही.

त्या मुलीचा खेळ दुसऱ्या शाळेने नेला, उद्या तिसरा कुणी नेईल. मग एखादा त्यात थोडा बदल करून कुलूप लावून का विकणार नाही? त्याला आळा घालणारा परवाना आहे. स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये तो प्रथम लिहिला. त्याचे वर्म मी सौ.ला विरजणाच्या उदाहरणाने सांगितले. शेजारणीकडून विरजण आणून तुम्ही दही लावले. दही तुमचे, त्याचे श्रीखंड करा, कढी करा, विकासुद्धा. पण ते दुसऱ्याच्या हाती दिले, की त्यातून त्याला विरजण लावता येईल असे द्यायचे, ही अट. विरजणाला कुलूप लावायचे नाही. सौ. म्हणाली, “त्यात परवाना कशाला? विरजणाला नाही म्हणणारी बाई मी अजून पाहिली नाही.” आळीत जे रीत म्हणून चालते, ते जगात परवाना म्हणून लिहून घ्यावे लागते, एवढाच फरक.

इथपर्यंत सगळे सोपे होते. कठीण पुढेच आहे.

मागच्या वर्षी मला एका जाहिरात कंपनीचे पत्र आले. नाव सांगत नाही. त्यात विशेष काही नाही, असे पत्र शंभर कंपन्या लिहू शकतात. तुमच्या खेळात आम्ही देतो त्या चार ओळी घाला, दरमहा अमुक रक्कम देऊ. मुलांना जाहिरातही दिसणार नाही. त्या ओळी फक्त ‘वापराची माहिती’ घेतील. गुरुजींना मी पत्र दाखवले. त्यांनी हिशेब केला. वर्षभराच्या रकमेत शाळेला दुसरा संगणक येत होता. एका संगणकापुढे चाळीस मुले रांग लावतात. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, “काका, तुमच्या तत्त्वाचे बिल आमची मुले भरतात.” या वाक्याला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते, आणि ते असायला हवे होते असेही मला वाटत नाही. ते खरेच होते.

मग आम्ही एक केले. निर्णय मी घ्यायचा नाही, गुरुजींनीही नाही, पालकांपुढे ठेवायचा. एका रविवारी चिंचेखाली दहाबारा माणसे जमली. चार ओळी काय करतात ते मी मला येईल तितक्या सरळ भाषेत सांगितले. तुमच्या फोनला एक खूण लावतात. तो कधी उघडला, किती वेळ खेळ चालला, कोणत्या भागातून चालला, हे ढोबळ मानाने लिहून ठेवतात. दुसऱ्या ठिकाणी तोच फोन दिसला की दोन्ही नोंदी जोडतात. फोन घरात एकच, तेव्हा मुलाची नोंद आणि बापाची नोंद वेगळी राहत नाही.

एका बापाने विचारले, “भट्टीवर गेल्यावर पोरगा खेळला, तर तेही कळंल?” मी म्हटले, “नेमके घर कळणार नाही, पण भाग बदलला हे कळेल.” दिवाळी झाली की इकडची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बोटींवर कामाला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोण कुठे आहे, कधी निघाला, कधी परतला, ही त्यांच्या आयुष्यातली फार नाजूक माहिती असते. तो बाप जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “नको.” दोघेतिघे संगणकाच्या बाजूचे होते, त्यांचेही म्हणणे ऐकून घेतले. पण शेवटी ‘नको’च ठरले. शाळेत आजही एकच संगणक आहे. चाळीस मुले आजही रांग लावतात, आणि ती मुलगी आपली पाळी येईपर्यंत थांबते. हे लिहिताना मला काही विजय मिळाल्यासारखे वाटत नाही. ज्यांचे होते त्यांना विचारले गेले, एवढेच समाधान.

खाजगीपण ही शहरातल्या बंद दारांची चैन आहे, पाड्यावर कसले खाजगीपण, असे पुष्कळांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी तो प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला; दाराला कडी असलेल्यांचाच तो हक्क, असे काही त्यात म्हटलेले नाही. माझ्या मते ज्याच्यावर दुसऱ्याचे देणे आहे त्याला खाजगीपण अधिक लागते. आपल्यामागे कुणी टिपण घेत फिरले तर आपल्याला नको ती जाहिरात दिसेल. त्याच्यामागे फिरले तर त्याची भाकरी हलेल.

बरे, चार ओळी उघड मागून येतात म्हणून निदान नाही म्हणता येते. न मागता येणाऱ्या वाटा किती! सुंदर अक्षरांसाठी लोक टाइपाची फाईल परदेशी कंपनीच्या यंत्रावरून परस्पर मागवतात. तेवढ्यानेही खेळणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता तिकडे पोचतो. जर्मनीत म्युनिकच्या एका न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नेमक्या याच कारणासाठी एका संकेतस्थळाच्या मालकाला शंभर युरो भरपाई द्यायला लावली. टाइप गूगलच्या यंत्रावरून येत होता. म्हणून मी टाइप, चित्रे, आवाज, सगळी शिदोरी खेळाबरोबरच बांधून देतो. वाटेत कुणाकडे काही मागायला जायचे नाही.

पण मला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो जाहिरातवाल्याने नव्हे, गुरुजींनीच. काही महिन्यांनी ते म्हणाले, “जाहिरात नको, कबूल. पण कोणते मूल कुठल्या हिशेबात चुकते, याचा तक्ता मला पाठवा. मी शिक्षक आहे; मला ते कळायला नको?” याला दुष्ट हेतू म्हणता येईल काय? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मागावर राहायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. मुलांबाबतची कर्तव्ये मोडली तर दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने अमलात येण्यासाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. आणि शिक्षणाच्या कामापुरती शाळांना या मनाईतून सवलतही आहे. म्हणजे कायदा गुरुजींच्या बाजूचा.

तरी माझे मन घेईना. विटीदांडूत मी किती वेळा बाद झालो याची नोंद कुठे असती, तर मी इतक्या वेळा बाद व्हायला धजलो असतो का? खेळाची सारी गंमत ही की तिथले हरणे घरी येत नाही. परीक्षेत चुकले तर गुण जातात. खेळात चुकले तर पुन्हा डाव मांडायचा. चूक पाहणारे कुणी आहे हे कळले की मूल खेळत नाही, परीक्षा देते. मग खेळ आणि वही यांत फरक काय उरला?

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. चुकांचा तक्ता खेळ तयार करतो, पण तो मुलाच्या यंत्राच्या पोटातच राहतो. तार तोडूनही तो तिथेच असतो. मुलाला वाटले तर ते गुरुजींना दाखवते, वाटले तर एक कळ दाबून पुसून टाकते. शाळेतल्या संगणकावर तर डाव संपला की पाटी कोरीच होते. गुरुजींना प्रथम वाटले, कोण दाखवणार? प्रत्यक्षात बरीच मुले दाखवतात. ‘गुरुजी, मला उसन्याच्या वजाबाकीत अडतं,’ असे आपणहून सांगायला येतात. न दाखवणारीही आहेतच. त्यांच्याशी गुरुजी जुन्या पद्धतीने बोलतात, म्हणजे शेजारी बसून.

चित्रांच्या बाबतीत वेगळीच अडचण उभी राहिली. वारली चित्रे जगभर पोचली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये या कलेची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंद झाली. पिशव्यांवर, पडद्यांवर, चहाच्या कपांवर ती माणसे नाचताना दिसतात. मीही दोनचार उचलून खेळात घातली असती तर मला कुणी विचारले नसते. पण मोकळेपणा सांगायला निघालेल्या माणसाने दुसऱ्याच्या अंगणातले उचलून आणावे हे बरे दिसत नाही. लग्नाचा चौक तर पूजेचा. त्यावर गुण मिळवायचे? म्हणून चित्रे मुलांनीच काढली. त्यांनी कागदावर गेरू फासून पांढऱ्या रंगाने बाजार काढला, त्यात एस.टी. आहे, मोबाइलचा टॉवर आहे आणि कोंबडी विकणारी आजीही आहे. आता परवाना म्हणतो, चित्रकाराचे नाव द्या. आणि खाजगीपण म्हणते, लहान मुलाचे नाव जगापुढे मांडू नका. मी मुलांनाच विचारले. त्यांनी एकमताने ठरवले, ‘आमच्या पाड्याची पोरे’ असे लिहा. पाड्याचे नावही त्यांनी लिहू दिले नाही. कायद्याचे पंडित याहून काय निराळे सांगतील?

हे सगळे भाबडेपणाचे आहे, अशाने पोट भरत नाही, असे कुणी म्हणेल. माझ्यापुरते म्हटले तर माझे पोट पेन्शनीवर भरते, हे मी लपवीत नाही. बाजारातले खेळ माझ्यापेक्षा शतपट देखणे असतात, हेही खरे. पण मोकळा खेळ म्हणजे पडवीतलाच खेळ, असे मात्र नाही. एका फ्रेंच तरुणाने २०१० मध्ये ‘लिचेस’ नावाचे बुद्धिबळाचे दालन ब्राउझरवर उघडले. आज जगभरचे लोक, नामांकित ग्रँडमास्टरसुद्धा, तिथे खेळतात. जाहिरात नाही, वर्गणीची सक्ती नाही, प्रोग्रॅमचा मजकूर सर्वांना खुला. खर्च देणग्यांतून चालतो. उलट कुलूपबंद खेळांचे काय होते तेही आपण पाहिले. फ्लॅश नावाच्या साधनावर एका पिढीचे हजारो खेळ उभे होते. मालक कंपनीने ते ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केले आणि त्या खेळांवर पडदा पडला. त्यांतले कितीतरी आज पुन्हा दिसतात ते ‘रफल’ या मोकळ्या प्रोग्रॅममुळे, आणि तो लिहिणारे बहुतेक हौशी. विटीदांडूला मात्र आजवर कुणी बंद करू शकलेले नाही.

दिवाळीच्या सुटीत तुमच्या घरी मुले फोन मागतीलच. द्यायचा तेव्हा द्या. मी काही फोन चुलीत घाला म्हणणाऱ्यांतला नाही. फक्त एक साधी परीक्षा करून पाहा. खेळ सुरू झाला की इंटरनेट बंद करा. तो चालू राहिला तर तो बराचसा तुमच्या घरचा आहे. बंद पडला तर विचारा, पटावरच्या सोंगट्या मोजायला याला बाहेर कुणाला विचारावे लागते? मुलाचे नाव, वय, फोटो मागत असेल, तर लगोरीने कधी मागितले होते का ते आठवा. आणि नियम आवडला नाही तर बदलता येतो का, एवढे मुलालाच विचारा. त्याचे उत्तर तुम्हाला पुष्कळ सांगून जाईल.

या दिवसांत मुले किल्ले करतात. चाळीच्या कोपऱ्यात माती, विटा, गोणपाट. वर हळीव पेरलेले. एका आळीचे पोर दुसऱ्या आळीचा किल्ला बघून येते आणि आपल्या बुरुजाला तसाच चोरदरवाजा करते. कुणी त्याला चोर म्हणत नाही. किल्ला बघायला कोण आले, किती वेळ उभे राहिले, याची कुठे नोंद होत नाही. आणि त्या किल्ल्यावर धाकट्या भावाने प्लास्टिकची मोटार आणून ठेवली, तर महाराजांच्या काळात मोटार नव्हती म्हणून कुणी ती काढून टाकीत नाही. ते कच्चे लिंबू असते. त्याचाही किल्ला असतो.

आमची सौ. हे वाचून म्हणाली, “मग एवढे लिहिण्यापेक्षा एखादा किल्ला करायचा होता.” फुकटच्या सल्ल्यांतला हा सर्वांत मोकळा सल्ला आहे. माती आणायला मी आता वाडीत निघालो आहे.